मुक्ताबाईच्या खळ्यावरचा भुंगा

नाक मुरडू नका. हा जळक्या एरंडेलाचा वास माझाच आहे आणि मला त्याची बिलकूल लाज वाटत नाही. मी भुंगा बोलतोय. फुलांवर बसणारा नव्हे. चार चाकांचा, हातभर लांबीचा, पोटात इंजिन असलेला. माणूस लांब उभा राहून हातातल्या डब्यावरच्या दांड्या हलवायचा आणि मी इकडे धावायचो, वळायचो, थांबायचो. अशा गाड्या आता जत्रेतसुद्धा मिळतात म्हणे. माझ्या काळात, म्हणजे सत्तर-एकाहत्तर साली, आमच्या कोल्हारात ती नवलाई होती. माझा आवाज ऐकून म्हशींनी दावी तोडली आहेत.

सध्या मी रंगनाथच्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानात वरच्या फळीवर असतो. शेजारी गोगलगाय बसलेली असते. तीही माझ्याच मापाची गाडी, पण विजेची. ना आवाज, ना धूर, ना वास. अशा सोबतिणीबरोबर इतकी वर्षं काढायची म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. पण तिला वगळून माझी गोष्ट सांगताच येत नाही, तेव्हा तिचंही नाव घ्यावंच लागेल.

माझं इंजिन मुळात आकाशातलं. भिंगारच्या छावणीत एक फौजी साहेब होते. त्यांना छोटी विमानं उडवायचा नाद. एकदा त्यांचं विमान नाकावर आपटलं आणि इंजिन अडकून बसलं. कुणीतरी त्यांना सांगितलं, कोल्हारला एलिया मिस्त्री आहे, इंजिन म्हटलं की जेवण विसरतो, त्याच्याकडे घेऊन जा.

हा एलिया म्हणजे माझा मालक. तेव्हा प्रवरेच्या काठाने विहिरीविहिरींवर ऑइल इंजिनं धडधडायची आणि त्यांची दुखणीखुपणी एलिया काढायचा. माणूस उंच, किडकिडीत, बोलायला तिखट. रविवारी उपासनेला जाताना पांढरा सदरा घालायचा, आणि परत येताना वाटेत कुणाचं इंजिन खोकलेलं ऐकलं की त्याच सदऱ्यानिशी विहिरीवर वळायचा. त्याची बायको दया दर सोमवारी तो सदरा धुताना जे बोलायची, ते उपासनेत सांगण्यासारखं नसायचं.

त्याने मला बरं केलं. पुढे साहेबांची बदली झाली, तेव्हा इंजिन, हुकूम सोडणारा तो वायरलेसचा डबा, हुकूम ऐकणाऱ्या दोन छोट्या डब्या आणि इंजिनाला चेव आणणाऱ्या नायट्रोची एक बाटली, असं सगळं सामान त्यांनी एलियाच्या हवाली केलं. म्हणाले, "मिस्त्री, उड़ाना तुम्हारे बस का नहीं. ज़मीन पर ही चलाना."

एलियाने ते मनावर घेतलं. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून माझं अंग केलं. जुन्या शिलाई मशीनची दातेरी चाकं पोटात बसवली. छत्रीच्या दांडीचे आस झाले. आणि चाकांना रबर कशाचं? तर स्वतःच्या झिजलेल्या सपातांच्या तळव्यांचं. त्या रबरामुळे पुढे काय रामायण झालं ते येईलच.

माझं खाणंही नवाबी. मिथिल स्पिरिट, त्यात एरंडेल, आणि शर्यतीचा दिवस असला तर वर चमचाभर नायट्रो. नायट्रो पोटात गेलं की माझा आवाजच बदलायचा. पण बाटली एकच, पुन्हा मिळायची नव्हती, म्हणून एलिया ती कपाटात बायबलच्या मागे ठेवायचा. एरंडेलावरून मात्र घरात रोज वाद.

"पोरांची पोटं साफ करायला आनलेलं तेल हाय ते," दया म्हणायची. "समदं त्या भुंग्याच्या नरड्यात घालता व्हय?"

"त्याचं बी पोट साफ राहतंय," एलिया म्हणायचा.

पोरं या व्यवहारावर खूश होती. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड त्या घरात फक्त दयाचं असायचं.

आता रंगनाथ. मिशनच्या शाळेत हा आणि एलिया एका बाकावर बसलेले. रंगनाथचं घर शेतकऱ्याचं, बारा-पंधरा एकर जमीन, दोन विहिरी. पण त्याचं चित्त नांगरात नव्हतं. गावोगाव विजेचे खांब पडायला लागले तसा तो मोटारी भरायला शिकला. जळालेली मोटार यायची, तो आतली तांब्याची तार उपसायचा आणि नवी तार गुंडाळायचा. जाडजूड, शांत माणूस. इतका हळू बोलायचा की मला त्याचं निम्मं बोलणं ऐकूच यायचं नाही.

त्या दिवसांत घरोघर हाच वाद होता, विहिरीवर इंजिन ठेवायचं का मोटार बसवायची. आमच्या या दोघांत तर विचारायलाच नको.

"बटन दाबलं की पानी," रंगनाथ म्हणायचा. "तुझ्या इंजिनाला हँडल मारून मारून खांदा निखळला तरी ते शिंकत न्हाई."

"आन् लाईट गेली मंजी? मोटारीफुडं उदबत्ती लावून बसनार का? माझं इंजिन काळोखात बी चालतंय, पावसात बी चालतंय."

"चालतंय, पन गावभर बोंबलत."

"बोंबलतंय म्हनून तर कळतंय जितं हाय. तुझी मोटार जळाली तरी मुकीच."

मी धावायला लागलो आणि हा वाद विहिरीवरून माझ्यापर्यंत आला. रंगनाथने जीपच्या काचपुश्याची मोटार आणली, तिची तार उपसून स्वतःच्या हिशेबाने भरली, मोटारसायकलची छोटी बॅटरी बसवली आणि साहेबांच्या उरलेल्या डबीवर विजेची गाडी उभी केली. पहिल्यांदा ती ओट्यावरून सरकत गेली तेव्हा कुणाला पत्ताच लागला नाही. दया म्हणाली, "अगं बाई, ही तर गोगलगाय नि पोटात पाय." तेच नाव पडलं.

खरं सांगतो, मला ती पहिल्यापासून आवडली नाही. मला सुरू करायचं म्हणजे केवढा सोहळा! सेलची तार लावून डोक्यातली तार लाल करायची, चाकाला सुती दोरी गुंडाळायची, खेचायची, पुन्हा गुंडाळायची, शिव्या द्यायच्या, आणि मग मी गरजायचो. लोक टाळ्या वाजवायचे. हिचं काय, तर एक खटका. नवरी मुलगी बोहल्यावर जाते तशी खाली मान घालून निघाली. पण निघताना जी उसळी घ्यायची, ती मला कधीच जमली नाही. माझा जोर हळूहळू चढायचा, तिचा पहिल्या क्षणालाच पूर्ण असायचा. उलट चार-पाच मिनिटांत ती दमायची, आणि मला दोन घोट पाजले की मी पुन्हा ताजा. म्हणजे ती निघण्यात भारी, मी टिकण्यात. एवढ्या साध्या गोष्टीवर त्या दोघांनी वर्षं घालवली.

एक अडचण मात्र मोठी होती. गाड्या दोन, पण डबा एक. डब्याने हुकूम सोडला की तो दोघांच्याही कानी पडायचा. सुरुवातीला मी अंगणात धावत असताना ओट्यावरच्या गोगलगायीचं बटण चालू राहिलं होतं, तर मी डावीकडे वळलो तशी तीही वळली आणि गोठ्यातल्या शेणात जाऊन बसली. तेव्हापासून नियम झाला, एकाचा कान बंद केल्याशिवाय दुसऱ्याला सोडायचं नाही. त्यामुळे आमची शर्यत म्हणजे आधी एकाने दम संपेपर्यंत पळायचं, मग दुसऱ्याने, आणि कुणाच्या फेऱ्या जास्त झाल्या ते बघायचं. सवती एका घरात असूनही एकमेकींचं तोंड बघत नाहीत, तसलाच प्रकार.

शर्यतीला जागा कुठली? कोल्हारातले रस्ते म्हणजे चाकोऱ्या आणि धोंडे. तेव्हा रंगनाथ म्हणाला, "आमच्या खळ्यावर घेऊ. मळनी झालीया."

शाळू काढून, मळून, दाणे घरात गेले होते. खळं नुकतंच मोकळं झालेलं. शेणाने सारवलेलं, टणक, गुळगुळीत, गोल. मधोमध तिवडा, म्हणजे मळणीच्या वेळी बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. मी तर बघताक्षणीच प्रेमात पडलो. माझ्यासाठीच कुणी घडवलंय असं वाटलं.

पण खळ्याची मालकीण रंगनाथची आई, मुक्ताबाई. साठीची, ठेंगणी, आणि नजर अशी की सुईचं नेढं लांबून दिसावं. तिच्या खळ्यावर कुणी पायात घालून चढत नसे. तिथे लक्ष्मी उतरते, तिथे वहाण चालत नाही. एलिया बाहेर वहाणा काढून मला हातात घेऊन कडेलाच थांबला होता. तिने मला घेतलं, उलटं केलं, चाकावरून बोट फिरवलं.

"हे रबार कशाचं म्हनायचं?"

एलियाने रंगनाथकडे पाहिलं, रंगनाथने तिवड्याकडे. त्या रबरावर सपातेची नक्षी अजून दिसत होती.

"पायताणाचं हाय न्हवं? मानसानं पायताण भाईर काढायचं आन् गाडीनं चार-चार पायताणं घालून माझ्या खळ्यावर नाचायचं?"

त्या दिवशी शर्यत झालीच नाही. दोघं मोठी माणसं रडकुंडीला येऊन काय काय रबर सुचवत होती. सायकलची ट्यूब? ती रस्त्यावरची घाण तुडवते. मोटारीची? ती तर त्याहून. शेवटी मुक्ताबाईनेच तोड सांगितली. इंजिनावरून पंपाला फिरवतो तो पट्टा. "त्यो पानी काढतोय. त्याला मी ना म्हननार न्हाई." एलियाने जुन्या पट्ट्याच्या पट्ट्या कापून माझ्या आणि गोगलगायीच्या चाकांना बसवल्या. आणि गंमत म्हणजे सारवलेल्या जमिनीवर सपातेपेक्षा तो पट्टा कितीतरी चांगला धरायचा.

दुसऱ्या दिवशीही एलिया कडेलाच उभा. मुक्ताबाई म्हणाली, "तिथनं गाडी कशी दिसंल? आत ये की."

एलियाने खळ्याच्या कडेच्या रेघेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मावशी, माझा आजा हितंच उभा राहायचा, बलुत्याचं धान्य घ्यायला. ह्या रेघंच्या भाईर."

"ठावं हाय मला. माझ्या सासऱ्यानं उभं केल्तं त्याला. आता सासरा बी न्हाई आन् त्याचं राज्य बी न्हाई. पाय धुतलंस का? मग ये."

तो आत आला. त्याच्या हाताचा घाम माझ्या पत्र्याला लागला, म्हणून मला ते चांगलं आठवतं.

फेऱ्या मुक्ताबाईने मोजल्या, धान्य मापतात तशा. पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. "लाभ," ती मोठ्याने म्हणाली, "दोन, तीन..." नायट्रोचा चमचा पोटात होता. खळं, तिवडा, कडेची माणसं, सगळं एक होऊन माझ्याभोवती फिरत होतं. त्या साली मी जिंकलो. सबंध गावाने माझा धूर खाल्ला. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा क्वचितच झाला.

पुढच्या साली मळणीनंतर पुन्हा शर्यत लागली. रंगनाथने मोटारीत जाड तार भरली होती. गोगलगाय आधी धावली आणि चांगली धावली. मग मी निघालो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला एलियाने मला वळवायला हवं होतं, पण हुकूमच आला नाही. मी सरळ जाऊन कडब्याच्या गंजीत घुसलो.

"दांडा निसटला," एलिया म्हणाला.

दांडा निसटला नव्हता. माझे सगळे दांडे जागच्या जागी होते. पण मी बोलणार कसा? आळ मी घेतला. रंगनाथ जिंकला आणि वर्षभर मिशांना तूप लावून फिरला.

एलियाचे डोळे जात होते. काही दिवस तो सुईत दोरा ओवताना चिडायचा, चालताना उंबऱ्याला ठेचकाळायचा, आणि दयाने वाटेत बादली ठेवली म्हणून तिच्यावरच ओरडायचा. शेवटी ती त्याला धरून नगरच्या दवाखान्यात घेऊन गेली. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नव्हती आणि राहिलेली किती टिकेल याचा भरवसा नव्हता. घरी आल्यावर तो मला मांडीवर घेऊन बसला. दया चुलीपाशी रडत होती.

"नळीतनं बघावं तसं दिसतंय," तो म्हणाला. "समोरचं दिसतंय, बाजूचं गेलं. गाडी नळीच्या भाईर गेली की संपलं."

"रंगाभावजींस्नी सांगा. त्यांना कळू द्या."

"त्याला तर अजाबात सांगायचं न्हाई!" तो एकदम ओरडला. "ऐक. रंगाला कळलं ना, तर त्यो मुद्दाम हरंल. गोगलगाय मागं ठिवंल आन् मला म्हनंल, एलिया, जिकलास. आयुष्यभर भांडलो त्याच्याशी, एक डाव त्यानं मला फुकट दिला न्हाई, मी त्याला दिला न्हाई. आता आंधळा झालो म्हनून भीक घालनार? मला अजून एक शर्यत पायजे. खरी. हरलो तर हरलो. मंग जाऊ दे डोळं कुठं जायचं तिकडं."

ती रडायची थांबली. तिने देवबापाची शपथ घेतली की सांगणार नाही.

त्यानंतर आमचा सराव सुरू झाला. घरामागच्या पटांगणात एक खुंटी ठोकून एलिया डोळे मिटून उभा राहायचा आणि मला कानाने चालवायचा. मी जवळ आलो की माझा सूर चढतो, लांब गेलो की उतरतो, वळताना चाकावर भार पडला की घोगरा होतो. हे सगळं तो पाठ करत होता. मीही माझ्याकडून कसूर केली नाही. माझ्या धुराड्यावरची टोपी त्याने काढून टाकली, तेव्हा तर मी असा कोकललो की शेजारणींनी दारं लावून घेतली. मला ज्याबद्दल जन्मभर नावं ठेवली, तो माझा गोंगाट आता माझ्या धन्याचा डोळा झाला होता. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! फक्त एका वेळी तो अभिमान कुठल्या कुठे जायचा. तो मला हाक मारून शोधायचा ना, तेव्हा.

त्याच साली पाऊस पडला नाही. बहात्तरचा तो दुष्काळ. कालव्याला पाणी नाही, विहिरींचे तळ उघडे. इंजिनं गप्प आणि मोटारीही गप्प, त्यामुळे एलिया आणि रंगनाथला भांडायलाही विषय उरला नाही. शाळू पेरलाच गेला नव्हता. मळायला काही नव्हतं म्हणून कोणी खळं केलं नाही. गावात शर्यतीचा शब्दही निघाला नाही. एलिया मात्र रोज नळीतून बघत होता आणि नळी बारीक होत चालली होती.

उन्हाळा तोंडावर आल्यावर एक दिवस तो सरळ मुक्ताबाईकडे गेला. "मावशी, औंदा खळं करनार का?"

"कशापायी? मातेरं मळायला?"

"गाड्यांसाठी."

रंगनाथ तिथेच होता. तो म्हणाला, "लोकांना प्यायला पानी न्हाई एलिया, आन् तुला खेळ सुचतोय?"

मुक्ताबाईने एलियाकडे नीट पाहिलं. तिला काही समजलं होतं की काय, कोण जाणे. म्हणाली, "खळं सुनं राहिलं तर लक्ष्मी वाट इसरती. फिरू दे त्यावर कायतरी." आणि भांडी घासलेलं पाणी तीन-चार दिवस साठवून, त्यात शेण कालवून तिने खळं सारवलं. त्या सबंध शिवारात तेवढंच एक खळं होतं.

शर्यतीच्या दिवशी एलियाने नायट्रोची बाटली माझ्या टाकीत पालथी केली. शेवटचा चमचा. माणसं फार नव्हती, बरीच जणं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. दया मुक्ताबाईशेजारी बसली होती. एलिया डबा घेऊन उभा राहिला, माझी दोरी गुंडाळायला वाकला, आणि रंगनाथ आपल्या हळू आवाजात म्हणाला, "थांब. एक इचार हाय माझा."

"काय?"

"दोन साल झाली. एकदा तू जिकलास, एकदा मी. पन गाडी जिकली का हात जिकला, हे कुठं कळलं? औंदा अदलाबदल करू. तू माझी गोगलगाय चालव, मी तुझा भुंगा. मंजी एकदाचा निकाल लागंल, इंजिन भारी का मोटार भारी."

माझं तर तेलच गोठलं. विचार वाजवीच होता. त्यात काही कपट नव्हतं, त्या माणसाच्या अंगात कपट नव्हतंच. पण गोगलगाय मुकी! तिला कानाने कसं चालवणार? दयाचा हात तोंडावर गेला. एलियाने नाही म्हणावं, काहीतरी कारण काढावं, असं मला वाटत होतं. पण का नाही, असं रंगनाथने विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर एकच होतं.

"बरं," एलिया म्हणाला. "आन तुझी."

माझा कान बंद झाला. गोगलगायीचा खटका दाबला गेला. ती नेहमीसारखी उसळून निघाली आणि पहिल्या फेरीभर त्याच्या नळीत राहिली. "लाभ," मुक्ताबाई म्हणाली. दुसऱ्या वळणावर ती नळीबाहेर गेली. एलियाने अंदाजाने दांडी वळवली, जरा उशिराच. गोगलगाय खळ्याच्या कडेवरून उतरली, ढेकळांत धडपडली आणि मुक्ताबाईच्या पायाशी येऊन थांबली. चाकं तिथेच गरगर फिरत राहिली.

आणि एलिया तिवड्याकडे तोंड करून गाडी चालवतच होता. अगदी मन लावून. इकडे वळव, तिकडे वळव, आता जोर कमी, आता जास्त. मान गाडीच्या मागे फिरावी तशी फिरत होती. खळ्यावर काहीसुद्धा नव्हतं.

मुक्ताबाईने मोजणं थांबवलं होतं. त्या शांततेवरूनच एलियाला कळलं असावं. त्याचे अंगठे थांबले.

"कुठं हाय ती?" त्याने विचारलं.

रंगनाथ जागचा हलला नाही. मग त्याचा आवाज आला, आणि तो आवाज मी पहिल्यांदाच इतका मोठा ऐकला. "कवापासनं?"

एलिया डब्यावरच्या दांड्या चाचपत राहिला.

"कवापासनं म्हनतो मी! त्या गंजीत घातलीस तवापासनं? आन् मी वरीसभर जिकलो जिकलो म्हनत हिंडलो? तू मला कोन समजलास रं? परका?"

"तू हरला असतास," एलिया म्हणाला. "मुद्दाम. मला ते नको हुतं."

रंगनाथने उपरण्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग तो येऊन माझ्यापाशी उकिडवा बसला, माझी दोरी गुंडाळली आणि खेचली. जन्मात मला कधी सुरू न केलेला तो माणूस. चौथ्या-पाचव्या खेचेला मी पेटलो. त्याने माझा कान चालू केला. मग गोगलगायीला उचलून आणलं, तिची चाकं धोतराला पुसली आणि तिला माझ्या शेजारी, एका रेघेत ठेवलं. तिचाही कान चालूच होता.

"दोन्ही सोडतोय," तो एलियाला ओरडून म्हणाला, कारण मी गरजत होतो. "डबा एकच हाय, हुकूम बी एकच. तुझ्या भुंग्याचा आवाज ऐक आन् चालव. इंजिन भारी का मोटार, ते एकाच हातानं कळू दे. चल."

एलियाने दांडी पुढे ढकलली.

त्याआधी मी तिच्याबरोबर कधीच धावलो नव्हतो. तिने उसळी घेतली आणि मला तिची पाठ दिसली. नायट्रो अंगात चढलं तसा मी तिला गाठायला लागलो. एलिया डोळे मिटून उभा होता. माझा सूर घोगरा झाला की त्याचा अंगठा वळायचा आणि आम्ही दोघं एकाच वेळी वळायचो. कधी तिचं चाक माझ्या चाकाला घासायचं, कधी मी तिवड्याला चाटून जायचो. दया हसत होती की रडत होती, मला बघायला सवड नव्हती. मुक्ताबाई पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली होती. मी शेवटच्या थेंबापर्यंत ओरडलो. अशी धाव मला पुन्हा मिळाली नाही आणि मिळावी असा हट्टही नाही.

मग टाकी संपली. मी खोकलो, एक आचका दिला आणि थांबलो. आवाज थांबताच एलियाने दांडी ओढली आणि गोगलगायही थांबली.

एलियाचे डोळे उघडे होते, पण तो आमच्याकडे बघत नव्हता. "रंगा, कोन फुडं हाय?"

दया पटकन पुढे झाली. तिच्या ओठांवर माझं नाव आलं होतं, मी पाहिलं. एवढंसं खोटं बोलायला काय लागतं! बिचाऱ्याला कळणारही नव्हतं. मीसुद्धा मनात म्हणालो, म्हण रे बाबा, भुंगा म्हण.

रंगनाथ खाली बसला. त्याने माझ्या नाकापासून गोगलगायीच्या शेपटीपर्यंत हात पसरून माप घेतलं.

"माझी," तो म्हणाला. "तुझा भुंगा दोन हात मागं हाय."

एलियाने डबा खाली ठेवला. मग हसायला लागला. खळ्यावर बसून, गुडघे धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "दोन हात? मोजलंस?"

"मोजलं."

"हरलो मंग!" असं तो ओरडला. इतक्या आनंदाने हरलेला माणूस मी पाहिलेला नाही. रंगनाथ त्याच्या शेजारी बसला आणि दोघे लगेच भांडायला लागले, की तेल आणखी असतं तर भुंग्याने गाठलं असतं की नसतं. गाठलं असतं, असं माझं मत. पण मला कोण विचारतो.

पुढे एलियाची नजर पूर्ण गेली. रंगनाथ रोज सकाळी त्याला हाताला धरून दुकानात आणायचा, आणि दिवसभर दोघे इंजिन आणि मोटारीवरून हुज्जत घालायचे. विहिरींवरची इंजिनं एकेक करून भंगारात गेली, तरी एलियाने हार कबूल केली नाही. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुक्ताबाई त्याच्याही आधी गेली. रंगनाथ थकलाय. त्याला आता माझ्यासारखाच खोकला आहे. कधीतरी तो फळीवरची धूळ झटकतो आणि आम्हा दोघांकडे बघत बसतो.

माझ्या पोटातलं एरंडेल वाळून डिंकासारखं झालंय, त्यामुळे लोकांना वाटतं हे इंजिन मेलं. मेलो नाही हो, नुसता चिकटून बसलोय. कोणी जरा चुलीजवळ ठेवून ऊब दिली, दोन थेंब ताजं तेल सोडलं आणि दोरी ओढली, तर मी आजही शिंकेन. गोगलगायीलाही एक नवी बॅटरी आणा. ती मागणार नाही, ती मुकी आहे, म्हणून तिच्या वाटचं मीच बोलतो. मग आम्हाला एकदा शेजारी शेजारी उभं करा आणि सोडा.

मी मागे पडलो, तर माझं वय बघू नका, माझी कीव करू नका. हरलो, तर हरलो म्हणून सांगा.